सामानाच्या यादीआधी नावांची यादी : पहिला नाताळ पाळणाऱ्या घरांसाठी

ज्या घरात यंदा पहिल्यांदाच नाताळ पाळला जाणार आहे, त्या घरासाठी हे लिहीत आहे. नुकताच बाप्तिस्मा घेतलेले कुटुंब, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेली सून, नोकरीसाठी गाव सोडून पुण्या-मुंबईत दोन खोल्यांचा संसार मांडलेले जोडपे, किंवा आजवर आईवडिलांच्या घरी आयता सण अनुभवलेला आणि आता तो स्वतः उभा करू पाहणारा तरुण, या सर्वांची अडचण बहुधा सारखीच असते. घरावर टांगायची चांदणी कुठे मिळते, केकसाठी सुकामेवा केव्हा भिजत घालायचा, हे कोणीही सांगते. पण डिसेंबरचा महिना कसा घालवला असता २५ तारखेच्या सकाळी मन प्रभूपाशी आणि माणसांपाशी राहते, हे सांगायला शेजारी कोणी असतेच असे नाही.

नगर जिल्ह्यातील मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या परिवारात, माझे बालपण गेले आणि गेली बरीच वर्षे मी पुण्यात माझ्या घरचा नाताळ करते आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे, ती अशी की सणातून श्रद्धा निसटते ती सहसा अविश्वासामुळे नव्हे, तर क्रम चुकल्यामुळे. आधी खरेदी, मग फराळ, मग सजावट, मग पाहुणे आणि उरल्या वेळात प्रार्थना व आजारी माणसाची भेट, असा क्रम एकदा लागला की वेळ उरतच नाही. माझ्या संसाराच्या सुरुवातीच्या एका वर्षी २४ डिसेंबरला रात्री अकरापर्यंत मी करंज्या तळत होते. दुसऱ्या दिवशी उपासनेत बसले असताना माझे चित्त दुपारच्या जेवणात होते, आणि आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंकडे जायचे राहिले ते राहिलेच. जाऊ जाऊ म्हणता जानेवारी उजाडला, तोवर त्या मुलीकडे कायमच्या निघून गेल्या होत्या. त्यांच्या दाराचे कुलूप मला अजून आठवते. पुढील सगळ्या सूचना त्या वर्षानंतर हळूहळू आमच्या घरात रुजलेल्या आहेत.

नोव्हेंबरच्या अखेरीस : एक वही

नाताळची तयारी आगमनकाळापासून सुरू होते. नाताळापूर्वीचे चार रविवार हा आगमनकाळ होय. त्याचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा असतो, म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे. त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि एक साधी वही उघडावी.

पहिल्या पानावर सामान लिहू नका, माणसांची नावे लिहा. ज्यांच्या घरी या वर्षात मृत्यू झाला आहे, जे एकटे राहतात, ज्यांच्याशी आपले बोलणे तुटले आहे, ज्यांना सणाच्या दिवशी कामावर जावे लागणार आहे, ज्यांनी दिवाळीत आपल्या घरी फराळाचे ताट पाठवले होते, आणि ज्यांचे उपकार आपण गृहीत धरतो, म्हणजे घरकामाला येणाऱ्या मावशी, इमारतीचे रखवालदार, कचरा नेणारे, या सर्वांचा विचार करत नावे घाला. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा : भेट, फोन, डबा, पत्र किंवा क्षमा. दहा-बारा नावांपेक्षा यादी मोठी होऊ देऊ नये, कारण चाळीस नावे लिहून चौघांकडेही न जाणे यापेक्षा आठ लिहून आठही घरी जाणे चांगले. यादी झाल्यावर ती मोठ्याने वाचावी आणि त्या माणसांसाठी थोडा वेळ प्रार्थना करावी.

दुसऱ्या पानावर पैशांचा हिशेब येतो. मराठीत 'ऋण काढून सण करणे' हा वाक्प्रचार उगाच झालेला नाही. नवीन घरात पहिला सण थाटात व्हावा, सासरी-माहेरी आपले नाव राहावे, या भरात हप्त्यांवर खरेदी होते आणि मार्चपर्यंत घरात चणचण राहते. एकूण किती खर्च करता येईल तो आकडा आधी ठरवावा, त्यातील दुसऱ्यांसाठी द्यायचा भाग सर्वप्रथम पाकिटात घालून बाजूला ठेवावा आणि मगच उरलेल्या रकमेत कपडे, फराळ, सजावट बसवावी. किती द्यावे हे मी सांगणार नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नये, असे म्हटले आहे, आणि ते नवख्या घराला पुरेसे आहे. सामानाची यादी यानंतर तिसऱ्या पानावर करावी. ती आपोआप आखूड होते, असा माझा अनुभव आहे.

चार रविवार, चार दिवे

आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे. बाजारात नोव्हेंबरपासूनच नाताळ आलेला असतो, म्हणून घरात वाट पाहणे मुद्दाम शिकावे लागते. यासाठी आगमनाचे चक्र हे सर्वांत सोपे साधन आहे. हिरव्या पानांच्या गोल वेढ्यात चार मेणबत्त्या ठेवतात, पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन अशा त्या लावत जातात आणि नाताळाच्या दिवशी मधली पांढरी मेणबत्ती लावतात. चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावे पुष्कळ मंडळ्यांत दिली जातात. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे पाळक योहान हिन्रिक विखर्न यांच्याकडील मुले 'नाताळ आला का' असे रोज विचारत असत, तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावून मुलांना दिवस मोजायला शिकवले. म्हणजे निराधार मुलांच्या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून ही रीत जन्मली. ती पाळताना महागडे चक्र विकत आणण्याची काहीच गरज नाही. स्टीलच्या ताटात तुळशीची किंवा आंब्याची पाने आणि चार साध्या मेणबत्त्या पुरतात. घरी समई असेल तर तिच्या वाती एकेक करून वाढवत नेल्या तरी अर्थ तोच राहतो.

दिवा लावल्यावर वाचन करावे. नवख्यांसाठी मी लूककृत शुभवर्तमान सुचवते, कारण त्याचे अध्याय बरोबर चोवीस आहेत आणि १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की २४ तारखेला ते पूर्ण होते. पहिला अध्याय ऐंशी वचनांचा असल्याने लहान मुले कंटाळतात. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत थोडा थोडा वाचून ठेवावा. या क्रमाचा एक फायदा असा, की नाताळाच्या आदल्या रात्री आपण येशूची रिकामी कबर आणि पुनरुत्थानानंतर तो दोन शिष्यांना भेटला ती अम्माऊसची वाट वाचत असतो, त्यामुळे गव्हाणीतील बाळ हे कोणाचे आणि कशासाठी आले हे विसरायला होत नाही. रविवारी त्याच्या जोडीला जुन्या करारातील यशया संदेष्ट्याचा नववा, अकरावा आणि चाळिसावा अध्याय, आणि मीखा संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायाचा आरंभ घ्यावा. दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लावू नये. रोज दहा मिनिटे हे नव्या घराला झेपते. पहिल्या दिवशी तासभर बसलेले घर चौथ्या दिवशी बसतच नाही.

वाचन आपल्या भाषेत व्हावे, हा माझा आग्रह आहे. शाळा इंग्रजी असली तरी ही कथा मुलांच्या कानावर मराठीत पडावी. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले, तेव्हापासून चारशेहून अधिक वर्षे ही कथा मराठी कानांनी ऐकली आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी तो पुरा केला, तो साध्यासुध्या बायकांना समजावा म्हणून. 'बाळंते', 'गव्हाणी', 'उतारशाळा' हे मराठी बायबलातील शब्द घरात एकदा रुळले, की बेथलेहेम दूरचे राहत नाही.

गाण्यांचेही तसेच. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग, भजन आणि कीर्तनात आणली आणि त्यांची पदे 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही मंडळीत गायली जातात. इंग्रजी कॅरल गायला माझा विरोध नाही, पण या महिन्यात तीन तरी मराठी नाताळगीते तोंडपाठ करावीत. पेटी-तबला असेल तर उत्तम, नसेल तर टाळी पुरते.

कुलकुलांची संध्याकाळ

फराळाला मी वरवरचे मानत नाही. नाताळाच्या फराळात करंज्या, शंकरपाळे, चिवडा, लाडू हे दिवाळीशी नाते सांगणारे पदार्थ असतात. वसई-मुंबई आणि गोव्याकडे त्यात दोदोल, नेवऱ्या यांची भर पडते. कुलकुल मात्र जवळजवळ सगळीकडे असतात. मैदा, रवा, साखर आणि नारळाचे दूध यांचे पीठ मळून, त्याची लहान गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची आणि तळायची, हे काम एकट्याने केले तर कंटाळवाणे आणि पाच जणांनी केले तर आनंदाचे असते. म्हणून ते काम तिसऱ्या आठवड्यातील एका संध्याकाळी ठेवावे, शेजारच्या मुलांना बोलवावे आणि हात गुंतलेले असताना एकाने त्या दिवशीचा अध्याय मोठ्याने वाचावा. आमच्या घरी मुलांना शुभवर्तमान जेवढे या संध्याकाळांत कळले तेवढे दुसऱ्या कशातूनही कळले नाही, कारण हात चालू असताना मुले मोकळेपणाने प्रश्न विचारतात. जखऱ्याची वाचा का गेली, मेंढपाळ रात्री मेंढरांना कोणाच्या भरवशावर सोडून गेले, असे प्रश्न येतात. उत्तर येत नसेल तर तसे सांगावे आणि वहीत लिहून ठेवून पाळकांना किंवा फादरांना विचारावे.

करंजीचे सारण सुक्या खोबऱ्याचे करावे, म्हणजे ती आठवडाभर आधी करून ठेवता येते; ओल्या नारळाची करंजी टिकत नाही आणि मग ती २४ तारखेला तळावी लागते. ही बाब लहान दिसते, पण शेवटची रात्र मोकळी मिळते ती अशाच निर्णयांमुळे.

तुटलेले बोलणे

वहीतील ज्या नावापुढे 'क्षमा' लिहिले आहे, तेथे सर्वांत अधिक वेळ द्यावा लागतो आणि बहुतेक घरांत नेमके तेच नाव शेवटपर्यंत राहते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. येथे शब्द नीट पाहावेत. आपल्या मनात भावाविषयी राग आहे का, असे प्रभूने विचारलेले नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे का, असे विचारले आहे. म्हणजे चूक आपली नाही असे वाटत असले तरी पहिले पाऊल आपणच टाकायचे आहे.

हे काम दुसऱ्या आठवड्यात करावे, सणाच्या दिवशी करू नये. २५ तारखेला आलेला फोन समोरच्याला उपचार वाटतो, शिवाय त्या गडबडीत मन मोकळे करायला दोघांनाही वेळ नसतो. फोन करण्यापूर्वी काय बोलायचे ते कागदावर लिहावे आणि ते तीन-चार वाक्यांपेक्षा अधिक नसावे. 'दादा, आपले बोलणे बंद आहे त्याचे मला वाईट वाटते. त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल मला क्षमा करा. नाताळच्या आधी तुम्हांला भेटायला येऊ का?' एवढे पुरेसे आहे. शेतीची वाटणी, आईचे दागिने, आजारपणात कोणी किती खर्च केला, यांतील एकही विषय त्या फोनमध्ये काढू नये. ते प्रश्न खरे आहेत आणि त्यांची वेळ वेगळी ठरवता येते, पण ते आधी मिटले पाहिजेत असा हट्ट धरला तर बहुतेक भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलणार नाहीत.

फोन उचलला गेला नाही तर एक छोटा निरोप पाठवावा आणि थांबावे. रोज फोन करून दुसऱ्याला क्षमा करायला भाग पाडणे हीदेखील एक जबरदस्तीच आहे. आपण दार उघडे ठेवायचे आणि त्या माणसासाठी रोज प्रार्थना करायची. आणखी एक गोष्ट ठामपणे सांगते : ज्या माणसाने मारहाण केली, छळ केला किंवा मुलांना धोका पोहोचवला, त्याला मनातून क्षमा करण्याचा अर्थ त्याच्या घरी परत जाणे असा होत नाही. अशा प्रसंगी एकट्याने काही ठरवू नये, विश्वासू वडीलधाऱ्यांशी आणि आपल्या धर्मगुरूंशी आधी बोलावे.

कॅथलिक बंधुभगिनी नाताळापूर्वी पापनिवेदन करतात आणि अन्य मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण असते. समेटाचा प्रयत्न करून त्या ठिकाणी जाणे आणि तो न करता जाणे यातला फरक एकदा अनुभवला, की पुढील वर्षी सांगावे लागत नाही.

जेथे चांदणी लागलेली नाही

मृत्यू झालेल्या घरी वर्षभर सण करत नाहीत, ही आपल्याकडची रीत पुष्कळ ख्रिस्ती घरांतही पाळली जाते. त्या वर्षी त्या घरावर चांदणी दिसत नाही. नवख्या माणसाला प्रश्न पडतो की अशा घरी जावे की जाऊ नये. जावे, आणि तेही आगमनकाळातच जावे, कारण २५ तारखेला दाराशी येणाऱ्या प्रत्येक आनंदी माणसाला सामोरे जाणे त्या घराला जड जाते. जाताना मिठाईचा डबा नेण्याऐवजी जेवणाचा डबा न्यावा. भाजी-भाकरी, आमटी-भात असे काहीही चालते. गेल्यावर जो माणूस गेला त्याचे नाव घ्यावे. लोक दुःख वाढेल या भीतीने नाव टाळतात, पण ज्याचे माणूस गेले आहे त्याला ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे असते. 'देवाची इच्छा' हे शब्द तेवढे टाळावेत. ते खरे की खोटे याची चर्चा तेथे करायची नाही. त्या दिवशी ते कोणाला आधार देत नाहीत.

जन्मकथेतच दुःखाला जागा आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात वृद्ध शिमोन बाळाला हातात घेऊन देवाची स्तुती करतो आणि लगेच मरीयेला सांगतो की तुझ्या स्वतःच्या जिवातून तलवार भोसकून जाईल. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोकांच्या, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या, पाठोपाठ बेथलेहेममधील आयांचा आक्रोश येतो. त्यामुळे शोक असलेल्या घरी बसून हे अध्याय वाचणे गैर नाही. उलट चकचकीत गाण्यांपेक्षा तेच त्या घराला जवळचे वाटतात. काही कुटुंबे नाताळाच्या आदल्या दिवशी कबरस्तानात फुले ठेवायला जातात. त्यांनी बोलावले तर सोबत जावे.

आणि दुःख तुमच्याच घरात असेल, तर स्वतःवर सण लादू नका. आगमनाची मेणबत्ती लावा, उपासनेला किंवा मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) जा, शेवटच्या बाकावर बसा आणि हवे तेव्हा उठून या. त्या वर्षी एवढाच नाताळ पुरतो.

शेजार आणि माहेर

दिवाळीत आलेल्या ताटाची परतफेड नाताळात करायची, ही महाराष्ट्रातील फार सुंदर रीत आहे. ती जपताना समोरच्याच्या खाण्याचा मान राखावा. केकमध्ये अंडे असते, म्हणून शाकाहारी शेजाऱ्यांसाठी करंज्या, शंकरपाळे, चिवडा वेगळ्या डब्यात भरावेत आणि ते वेगळे ठेवले आहेत हे सांगावे. ताटाबरोबर उपदेश पाठवू नये. कोणी विचारले तर आपण नाताळ का पाळतो ते आनंदाने आणि थोडक्यात सांगावे. न विचारता प्रेम करावे.

नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी माहेरचा किंवा मूळ घराचा प्रश्न याहून नाजूक असतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर केवढे आकाश कोसळले, आणि त्या स्वतः ख्रिस्ताकडे आल्या त्या कितीतरी वर्षांनी व स्वतःच्या वाटेने, हे त्यांच्या आठवणी वाचलेल्या मराठी वाचकांना माहीत आहे. आपल्या आईवडिलांना वाटते की मूल आपल्यापासून तुटले. ते तुटलेले नाही, हे सांगायला शब्द अपुरे पडतात; तेथे भेटच लागते. आगमनकाळात एकदा आईकडे जाऊन राहावे, तिच्या स्वयंपाकघरात तिला मदत करावी, वडिलांची औषधे आणून द्यावीत. ज्याला डोळ्यांनी पाहिले आहे त्या भावावर जो प्रीती करत नाही, त्याला न पाहिलेल्या देवावर प्रीती करता येणार नाही, असे योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय सांगतो, आणि आईवडील तर भावाच्याही आधी डोळ्यांसमोर असतात.

लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने मेजवानीविषयी सांगितलेले तर अगदी शब्दशः करता येण्याजोगे आहे : जे उलट बोलावू शकतात त्यांनाच बोलावू नको, ज्यांच्याकडे फेड करायला काही नाही त्यांना बोलाव. म्हणून नाताळाच्या जेवणाच्या पंगतीत एक जागा अशा माणसासाठी ठेवावी. वसतिगृहात अडकलेला विद्यार्थी, गावी जाऊ न शकलेला कामगार, मुले परदेशी असलेले वृद्ध जोडपे यांतील कोणीतरी प्रत्येक वस्तीत असतेच. त्यांना आठ दिवस आधी बोलवावे, म्हणजे ऐन वेळी दया म्हणून बोलावल्यासारखे त्यांना वाटत नाही.

रिकामी गव्हाणी

घरात गव्हाणीचा देखावा करावा. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे बैल आणि गाढव आणून जिवंत देखावा केला, तो लोकांना प्रभूचा जन्म कसल्या दारिद्र्यात झाला हे डोळ्यांनी दिसावे म्हणून. त्यामुळे देखावा जितका साधा तितका तो मूळ हेतूला धरून असतो. मातीच्या पसरट भांड्यात पंधरा तारखेच्या सुमारास गहू किंवा नाचणी पेरली तर नाताळापर्यंत हिरवे गवत उभे राहते. बाळ येशूची मूर्ती मात्र आधी ठेवू नये. गव्हाणी रिकामीच ठेवावी आणि मुलांनी कोणाला मदत केली की गवताची एक काडी तीत घालावी. २४ तारखेच्या रात्री त्या मऊ गवतावर बाळाला ठेवावे. यादीतील एकेका माणसाची भेट झाली की आमच्या घरी मोठी माणसेही एक काडी घालतात.

शेवटचे चार दिवस

२१ डिसेंबरपासून काहीही विकत आणायचे नाही, असा नियम करा. राहिले ते राहिले. पडदे धुतले गेले नाहीत तरी प्रभुजन्म होतो. या दिवसांत यादीतील उरलेल्या भेटी कराव्यात, तरुणांची कॅरलफेरी घरी येईल तेव्हा चहा ठेवून त्यांच्याबरोबर उभे राहून गावे, आणि शक्य असेल तर त्यांना एखाद्या आजारी माणसाच्या घरचा पत्ता द्यावा. उपासनेची किंवा मिस्सेची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण मध्यरात्रीची मिस्सा आता अनेक शहरांत त्याआधीच सुरू होते. मिस्सेला पहिल्यांदाच जाणाऱ्या, अजून बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीने पवित्र भाकर घेण्यासाठी रांगेत जाऊ नये. जागेवर बसून प्रार्थना करावी, त्यात कमीपणा काहीच नाही.

२५ तारखेला सकाळी भेटवस्तू उघडण्याआधी घरातील सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मुलाकडून लूकच्या दुसऱ्या अध्यायातील पहिली वीस वचने वाचून घ्यावीत. मुलांना नाताळबाबाविषयी विचारायचे असेल तर चौथ्या शतकातील मिराचे बिशप संत निकोलस यांची ओळख करून द्यावी. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो, त्या दिवशी ती सांगितली तर २५ तारीख प्रभूसाठी मोकळी राहते.

आपल्या समाजात परिचारिका फार आहेत आणि रुग्णालयाला सुटी नसते. पोलीस, बसचालक, हॉटेलांतील कर्मचारी यांचेही तेच. ज्यांची ड्यूटी आहे त्यांनी नाताळ चुकला असे समजू नये. पहिल्या नाताळाची वार्ता रात्रपाळीत असलेल्या मेंढपाळांनाच मिळाली. कामावर जाण्यापूर्वी पाच मिनिटे वाचन करावे, वॉर्डातील ज्या रुग्णाकडे कोणी येत नाही त्याच्या खाटेशी थोडे थांबावे. घरच्यांनी मोठे जेवण त्या व्यक्तीच्या सुटीच्या दिवशी ठेवावे; तारीख बदलली म्हणून काही बिघडत नाही.

२६ डिसेंबरनंतर

नाताळ एका दिवसाचा नसून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंतचा काळ आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे विशेष उपयोगी पडते, कारण तेथील दुकानांतून २६ तारखेला सण उतरतो, तेव्हा घरात तो नुकता सुरू झालेला असतो आणि भारतातील आजी-आजोबांबरोबर फोनवर निवांत वाचन करायला वेळ मिळतो. २६ तारीख पहिले हुतात्मे स्तेफन यांच्या स्मरणाची आहे, २८ तारीख हेरोदाने मारलेल्या बालकांच्या. त्या दिवशी एखाद्या बालगृहाला भेट देणार असाल तर आधी फोन करून त्यांना काय हवे ते विचारा. डिसेंबरात अशा संस्थांकडे केक पुष्कळ येतात. वह्या, अंतर्वस्त्रे, औषधे, फेब्रुवारीतील धान्य यांची आठवण थोड्यांना होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना जेवणाबरोबर अक्षरओळख आणि हाताला कामही दिले. आपल्या छोट्या मदतीतही वर्षभराचा विचार असावा.

वर्षाखेरच्या रात्री उपकारस्तुतीच्या उपासनेला जाताना वही सोबत न्यावी आणि प्रत्येक नावासाठी प्रभूचे आभार मानावेत. ज्यांच्याकडे जाणे झाले नाही त्यांची नावे तेथेच अधोरेखित करून जानेवारीच्या पहिल्या रविवारी त्यांना गाठावे. ६ जानेवारीला चांदणी उतरवताना, मूर्ती कापडात गुंडाळून खोक्यात भरताना, वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहाव्यात : यंदा कशाची घाई झाली आणि कोणाकडे आणखी थोडे बसायला हवे होते. मग ती वही गव्हाणीच्या त्याच खोक्यात सगळ्यांत वर ठेवावी, म्हणजे पुढच्या नोव्हेंबरात खोके उघडताच आधी ती हाती येईल.